आधी साउंड कार्ड

प्रमिला नारखेडे जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली ती अठ्ठ्याहत्तर साली. तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि सावद्याच्या सासरहून दीड वर्षात परत आलेली होती. का परत आली हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. आईनं, धुरपदाबाईनं, दोन-तीनदा विचारून पाहिलं आणि मग नाद सोडला. असोद्याच्या घरात परत आलेली लेक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सारखी असते, म्हणून मोठ्या भावानं, तोतारामनं, कुठूनसा ऑपरेटरच्या भरतीचा फॉर्म आणला. आवाजाची चाचणी घेणाऱ्या साहेबानं तिला एक ते शंभर आकडे म्हणायला लावले आणि पन्नासलाच थांबवून म्हणाला, "पुरे. उद्यापासून या."

त्यानंतर चौदा वर्षं ती ट्रंक बोर्डावर बसली. समोर भोकाभोकांची फळी, हातात दोरीला लावलेले पितळी प्लग, कानावर हेडसेट. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना दिल्लीचा भाव हवा असायचा, कापसाच्या व्यापाऱ्यांना मुंबई, कुणाला नातेवाईक गेल्याचा निरोप एरंडोलला पोचवायचा असायचा. सगळ्यांना जोडून देऊन प्रमिला मधून बाजूला व्हायची. तेच तर तिचं काम होतं.

पश्चिमेकडची पुष्कळशी लाईन धुळ्यावरून जायची. धुळ्याच्या बोर्डावर भाईदास नावाचा ऑपरेटर होता. त्याचं नाव तिला पहिल्या आठवड्यातच कळलं, पण नावानं हाक मारायची पद्धत बोर्डावर नव्हती. ती त्याला 'धुळे' म्हणायची, तो तिला 'जळगाव'. लाईन मोकळी असली की दोघं चार शब्द बोलायचे. तो त्याच्या अहिराणीत, ती तिच्या असोद्याच्या बोलीत.

"जळगाव, जेवन व्हयनं का?"

"झालं. तुमचं?"

"मनं कसानं व्हस! बठ्ठ्या लाईनी आज एकदमच पेटेल शेतस."

जेवण झालं का, सगळ्या लाईनी कशा पेटल्यात, एवढंच. पण चौदा वर्षं रोज एवढंच म्हटलं तरी त्याचं पुष्कळ होतं. त्याला सर्दी झाली की तिला आधी कळायचं. तिची आई गेली तेव्हा रजेवरून परतल्यावर ती फक्त "धुळे, बोला" म्हणाली. तो पलीकडून हळूच म्हणाला, "कोन गये, जळगाव?"

एकदा मे महिन्यातल्या भर दुपारी एरंडोलच्या एका डॉक्टरांनी धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरांसाठी तातडीचा कॉल मागितला. बाई अडली होती. लाईन इतकी खराब की एका डॉक्टरांचं दुसऱ्याला ऐकू जाईना. तेव्हा प्रमिलानं एरंडोलचं एकेक वाक्य ऐकून भाईदासला सांगितलं, भाईदासनं ते धुळ्याच्या डॉक्टरांना, आणि उत्तरं तशीच उलटी आली. चाळीस मिनिटं. शेवटी एरंडोलचा फोन खाली ठेवला गेला. बाई वाचली की नाही, मूल झालं की नाही, ते दोघांनाही कधी कळलं नाही. ऑपरेटरला कुणाचा शेवट कळत नसतो.

ब्याण्णव साली घरोघर थेट एसटीडी आलं आणि ट्रंक बोर्ड बंद झाला. शेवटच्या दिवशी साहेबांनी पेढे वाटले. भाईदासचा आवाज आला, "चाल मंग, जळगाव." ती म्हणाली, "बरं." प्लग ओढला. पुढं काय बोलायचं असतं ते तिला माहीत नव्हतं.

तिला बिलांच्या विभागात टाकलं. तिथं लोक खिडकीपाशी येऊन भांडायचे आणि निघून जायचे. उरलेला वेळ टेबलं गप्प. खात्याच्या फोनवरून धुळे केव्हाही लावता आलं असतं, पण कामाशिवाय फोन करायची तिला सवयच नव्हती. साऱ्या खानदेशाला फोन जोडून देणाऱ्या बाईला स्वतःसाठी एक फोन लावायचा तर कारण लागायचं, आणि कारण सापडत नव्हतं. अशी सहा वर्षं गेली. ती शिवकॉलनीत मंजुळाबाईंच्या घरी वरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. सकाळी डबा, संध्याकाळी भाजी, महिन्यातून एक रविवार असोदा.

अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात ती गोलाणी मार्केटला चष्म्याची काडी बसवून घ्यायला गेली. चष्मेवाला म्हणाला, दहा मिनिटं लागतील. ती गॅलरीत उभी राहिली. शेजारच्या कम्प्युटरच्या दुकानाचं दार उघडं होतं आणि आतून खरखर ऐकू येत होती. ती खरखर तिच्या ओळखीची होती. लांबच्या लाईनीवर, पावसात, तारा ओल्या झाल्या की यायची तशी. आणि त्या खरखरीत कुणीतरी इंग्रजीत विचारत होतं, कुणी ऐकतंय का, कुणी आहे का तिकडे.

प्रमिलाचा हात आपसूक कानाकडे गेला. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. पण ती दारात जाऊन उभी राहिली.

दुकान रुपचंदचं होतं. पस्तिशीचा, आधी टीव्ही विकणारा, आता दोन वर्षांपासून कम्प्युटर जोडून देणारा. त्यानं गिऱ्हाइकांना दाखवायला एक गेम लावून ठेवला होता. काळ्या आकाशात एक एकटं जहाज, आणि दूरवरून कुठूनतरी अडकलेल्या जहाजांचे पुकारे.

"या मॅडम. मुलासाठी पाहताय?"

"हे कोण बोलतंय?"

"गेम आहे. स्पेसचा. तुम्ही यानात बसायचं. वाटेत शत्रू येतात, त्यांना उडवायचं. हे जे बोलतायत ना, ते हरवलेत. जमलं तर त्यांना वाचवायचं, नाही जमलं तर पुढं जायचं."

"त्यांचा आवाज उजवीकडून येतोय," प्रमिला म्हणाली. "आणि तुम्ही डावीकडे चाललात."

रुपचंदनं यान वळवलं. उजवीकडे, खाली, एक ठिपका लुकलुकत होता.

चष्मा तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती चष्मा न्यायला गेली आणि परत त्या दारात थांबली. तिसऱ्या दिवशी ती सरळ दुकानातच गेली आणि म्हणाली, "हा गेम चालेल असा कम्प्युटर मला बांधून पाहिजे."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

रुपचंदनं तिच्याकडे एकदा पाहिलं, पण धंद्याचा माणूस होता, हसला नाही. वही काढली. "तयार सेट देऊ का? त्यात सगळं येतं."

"तयार नको. एकेक गोष्ट सांगा, कशासाठी असते ती. मग मी ठरवते."

पाचव्या वेतन आयोगाची थकबाकी तिच्या हातात आलेली होती, तेव्हा पैशाचा प्रश्न नव्हता. पुढचा दीड महिना ती दर दोन-तीन दिवसांनी दुकानात जात राहिली. रुपचंद प्रोसेसरपासून सुरुवात करायचा, कारण सगळे तिथूनच करतात. ती म्हणायची, "ते नंतर. आधी साउंड कार्ड."

"मॅडम, साउंड कार्ड शेवटी. ते काय, कोणतंही बसवू."

"कोणती कोणती आहेत?"

त्यानं दोन लावून दाखवली. स्वस्तातल्या कार्डावर तिला आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटला आणि डावं-उजवं नीट उमगेना. दुसऱ्या कार्डावर तिनं डोळे मिटले आणि बोट दाखवत राहिली. इथं. आता इथं. आता मागं गेला. रुपचंदनं पडद्याकडे पाहून ताडून घेतलं. एकदाही चुकली नाही.

"हे," ती म्हणाली. "आता याला चालेल असं बाकीचं सांगा."

असा तो कम्प्युटर उलट्या टोकानं जमत गेला. साउंड कार्डाला शोभतील असे स्पीकर. यानाच्या खिडकीतून लांबचं दिसावं म्हणून चौदाऐवजी पंधरा इंची मॉनिटर. प्रोसेसरबाबत रुपचंदनं पेंटियम टू घ्याच असं सांगितलं. तिनं विचारलं, साध्यावर काय बिघडेल? तो म्हणाला, गर्दी झाली की चित्र अडखळेल आणि आवाजही तुटेल. आवाज तुटेल म्हटल्यावर तिनं पेंटियम टू घेतला. रॅम बत्तीस. जळगावची वीज पाहता यूपीएस. जॉयस्टिक हातात धरून बघितली आणि म्हणाली, "हे बरं आहे. कीबोर्डाची मला सवय नाही."

यादीत एकच वस्तू अडली. गेमला थ्री-डी कार्ड लागायचं आणि मुंबईहून येणाऱ्या मालात ते काही येईना. रुपचंद दोन आठवडे उद्या-परवा करत होता. शेवटी एक दिवस म्हणाला, "धुळ्यात आग्रा रोडवर माझ्या ओळखीचा दुकानदार आहे. त्याच्याकडे एक पडलंय. कुरिअरनं मागवतो."

"नको," प्रमिला म्हणाली. "मी जाऊन आणते."

"अहो, एवढ्याशा डब्यासाठी कशाला धुळ्याला?"

"मी आणते," ती म्हणाली, आणि तिच्या ध्यानात आलं की तिला कारण सापडलं होतं.

त्याच आठवड्यात असोद्याचा रविवार होता. जेवताना तिनं सांगून टाकलं. तोतारामचा घास हातातच राहिला.

"अवं पमे, तुले कायले पाह्यजे तो काम्पुटर? कोन खेयनार त्याच्यावर?"

"मी खेयनार."

भावजय लताबाई पोळी वाढता वाढता थांबली. "आक्का, हे काय खेयाचं वय हाये का व?"

प्रमिलानं पोळी वाढून घेतली. तोतारामनं पुढं विचारलं नाही. तो वाईट माणूस नव्हता. बहिणीला काय हवं असतं याचा विचार करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, एवढंच. जेवण झाल्यावर त्यानं नेहमीसारखी केळीची फणी पिशवीत घातली आणि तिला मोटारसायकलवरून जळगावला सोडलं.

सोमवारी तिनं ऑफिसातून धुळे लावलं. भाईदास आता स्टोअरला होता. कुणीतरी हाक मारली, पावलं वाजली, आणि पलीकडून "हां, कोन?" आलं. आवाज थोडा जाड झाला होता.

"धुळे, मी जळगाव."

"अरे! जळगाव! कसी शे व तू? बठ्ठं बरं शे ना?"

ती हसली. आपण हसलो हे तिला स्वतःला ऐकू आलं. गुरुवारी येतेय, एक वस्तू घ्यायची आहे, असं तिनं सांगितलं. तो म्हणाला, स्टँडवर येतो.

गुरुवारी तिनं किरकोळ रजा टाकली आणि सकाळची गाडी पकडली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. तिनं मोरपिशी साडी नेसली होती, आणि पारोळ्यानंतर तिला वाटायला लागलं की साधीच नेसायला हवी होती.

धुळ्याच्या स्टँडवर तिच्या मनातला भाईदास कुठंच नव्हता. मनातला उंच होता, रुंद खांद्यांचा. चौकशीच्या खिडकीपाशी एक बुटका, टक्कल पडलेला, पांढऱ्या शर्टातला माणूस जळगाव गाडी लागली का म्हणून विचारत होता, आणि आवाज त्याच्यातून येत होता. प्रमिला त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. हाक काय मारावी ते कळेना. 'धुळे' म्हणावं तर चारशे माणसं धुळ्यातच उभी होती.

"मी प्रमिला नारखेडे," ती म्हणाली.

तो वळला. त्यानं हात जोडले. "नमस्कार. या. प्रवास नीट झाला ना आपला?"

आपला! चौदा वर्षांत त्यानं तिला कधी आपण म्हटलं नव्हतं. अहिराणीही कुठं गेली होती कोण जाणे. तो साहेबासमोर बोलावं तसं शुद्ध बोलत होता, आणि तीही. आग्रा रोडपर्यंत दोघं रिक्षानं गेले. बसताना मधे तिची पर्स ठेवली. दुकानदारानं डबा काढून दिला, तिनं तो उघडून कार्ड तपासलं, कडा तुटलेली नाही ना ते पाहिलं.

"मुलांसाठी का?" भाईदासनं विचारलं, आणि लगेच त्याचा चेहरा पडला, कारण तिला मुलं नाहीत हे त्याला माहीत होतं. "म्हणजे, भाच्यासाठी वगैरे."

"माझ्यासाठी आहे. गेमसाठी लागतं."

"गेम."

"हो."

त्यानं मान हलवली, वाईट बातमी ऐकल्यावर माणूस हलवतो तशी.

मग एका हॉटेलात चहा. समोरासमोर बसल्यावर तिला दिसलं की त्याच्या डाव्या कानामागं एक जुना व्रण आहे. हे तिला कधीच माहीत नव्हतं. त्याची खोकल्याची ढब माहीत होती, हसण्याआधी श्वास कसा अडतो ते माहीत होतं, पण डोळे कुठं पाहतात ते माहीत नव्हतं. ते कपाकडे पाहत होते. त्यानं सांगितलं, थोरल्या मुलीचं लग्न ठरलंय. ती म्हणाली, छान झालं. तिनं सांगितलं, बिलांमध्ये काम फार नसतं. तो म्हणाला, हो, आता कुठंच नसतं. त्यानंतर बराच वेळ पंखा फिरत राहिला.

परतीच्या गाडीत त्यानं तिला खिडकीची जागा धरून दिली. डबा तिच्या मांडीवर ठेवला. खाली उतरून तो गाडी हलेपर्यंत उभा राहिला. मधे काच होती. ती काच वर सरकवता आली असती, पण सरकवून बोलायचं काय? गाडी हलली तेव्हा त्यानं परत हात जोडले.

पारोळा येईपर्यंत तिनं डब्यावरचे दोन्ही हात काढले नाहीत. रडू आलं नाही. नुसतं असं वाटत राहिलं की एक माणूस होता, त्याला भेटायला जाऊन आपण त्याला हरवून आलो.

शनिवारी दुपारी रुपचंदनं कम्प्युटर जोडायला घेतला. प्रमिला स्टूल ओढून शेजारी बसली. मदरबोर्ड बसला, प्रोसेसर बसला, वायरी ओढल्या गेल्या. थ्री-डी कार्ड मात्र खाचेत जाईना. रुपचंद दाबायचा, कार्ड अर्धं जायचं आणि एका बाजूनं वर यायचं. त्याला घाम फुटला. जोर लावला तर मोडायचं.

"मी बघू?"

"मॅडम, फार नाजूक असतं ते."

"बघू तर द्या."

तिनं कार्ड दोन बोटांत धरलं, खाचेवर नुसतं टेकवलं, थोडं मागंपुढं केलं आणि मग अंगठ्यानं सरळ खाली लोटलं. बारीकसा आवाज झाला. चौदा वर्षांत तिनं किती लाख प्लग भोकात घातले असतील. नीट बसला की हाताला कळतं. रुपचंद बघतच राहिला. साउंड कार्डही तिनंच बसवलं. त्या दिवसापासून तो तिला मॅडम म्हणायचा बंद झाला आणि ताई म्हणायला लागला.

सेट घरी आला. खिडकीपाशी टेबल मांडलं. चालू केला तर स्पीकरमधून घूं असा बारीक, सतत आवाज. रुपचंदला तो ऐकूच येईना. "ताई, हे काही नाही, असतंच एवढं."

"हे अर्थिंग नसल्याचं आहे," ती म्हणाली. "वायरिंगमध्ये तिसरी तारच नसणार."

तिनं खाली जाऊन मंजुळाबाईंना सांगितलं की अंगणात एक खड्डा घेऊ द्या. मंजुळाबाई साठीच्या, विधवा, दोन मुलगे पुण्याला. त्यांना वाटलं, आता हिला काय झालं! पण प्रमिलानं खात्यातला जुना लाईनमन चिंधा याला बोलावलं. त्यानं नळाजवळ छातीइतका खड्डा घेतला, तांब्याची पट्टी पुरली, कोळसा आणि मीठ थरावर थर घातलं, तार वर खोलीत नेली. संध्याकाळी तिनं परत कम्प्युटर लावला. घूं गेलं होतं. स्पीकरमध्ये एवढी शांतता होती की तिला आधी वाटलं, बंदच पडले. मग खरखर आली. मग दूरवरून माणूस.

ती रोज साडेसहाला बसायची आणि नऊला उठायची. हात सावकाश चालायचे. शत्रू आले की ती गोळ्या झाडत नसे, वळून निघून जाई. गेम तिला त्याचे गुण देत नसे. पण पुकारा आला की ती डोळे मिटून आधी ऐकायची: किती लांब, कुठल्या बाजूला, आवाजात दम किती राहिलाय. एकदम दोघं-तिघं ओरडले तर कुणाला आधी गाठायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. रुपचंदच्या दुकानातली कॉलेजची मंडळी तिसऱ्या टप्प्यात अडकलेली असताना ती सहावा पार करून गेली.

सातव्यात मात्र एक माणूस होता. त्याचं यान फार लांब होतं आणि त्याचा आवाज बाकीच्यांसारखा घाबरलेला नव्हता. तो शांतपणे आपली जागा सांगायचा, थांबायचा, परत सांगायचा. प्रमिला निघायची. वाट बरोबर असायची. आणि ती पोचायच्या थोडं आधी, आकडा सांगता सांगता, तो अर्ध्यावर बंद व्हायचा.

तिनं दुसऱ्या वाटेनं जाऊन पाहिलं. बाकी कुणालाही न उचलता सरळ त्याच्याकडे जाऊन पाहिलं. अकरा दिवस ती तोच टप्पा खेळत राहिली. शेवटी रुपचंदला विचारलं.

"ताई, तो मरणारच आहे," रुपचंद म्हणाला. "प्रोग्रॅममध्येच तसं आहे. कुणालाच वाचवता येत नाही. तुम्ही पुढं जा."

ती घरी आली, पण कम्प्युटर लावला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बिलांच्या विभागात कुणी नव्हतं. तिनं धुळे लावलं. या वेळी तिच्याकडे काही कारण नव्हतं.

"हां, कोन?"

"धुळे, मी जळगाव."

"बोल, जळगाव." आणि तो जुनाच आवाज होता, उंच माणसाचा, रुंद खांद्यांचा. "जेवन व्हयनं का?"

"नही अजून."

"मनं बी नही." मग तोच म्हणाला, "त्या दिनले, जळगाव, काय बोलानं तेच सुचनं नही मले. घर उनू अन् रातभर तेच मनमा."

"मलेबी नही सुचलं."

"तुनी साडी चांगली व्हती. तेबी सांगता उनं नही."

प्रमिलानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला घेतला. मग तिनं त्याला सातव्या टप्प्यातल्या माणसाचं सांगितलं. तो कसा बोलतो, कुठं थांबतो, कुठल्या आकड्यावर बंद पडतो. भाईदासनं मधे एकदाही 'गेम' म्हटलं नाही. सगळं ऐकून घेतलं.

"ते खरं थोडंच शे, जळगाव," तो म्हणाला.

"माहीत हाये."

"मंग?"

"मंग काही नही. सांगतलं."

लाईनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. पण ही शांतता हॉटेलातल्यासारखी नव्हती. दोन्हीकडे माणूस आहे हे ऐकू येत होतं. मग तो म्हणाला की त्याची बदली झालीय, नंदुरबारला, मुलीचं लग्न उरकलं की जायचं. पत्ता देतो म्हणाला. तिनं बिलाच्या मागं लिहून घेतला. कुणीतरी खिडकीवर टकटक केली तसं तिला फोन ठेवावा लागला.

नंदुरबारहून त्याचे दोन फोन आले. एक पोचल्यावर, एक संक्रांतीला. तिनंही एकदा लावला, तेव्हा तो रजेवर होता. नंतर तिकडचं एक्स्चेंज नव्या इमारतीत गेलं, नंबर बदलले, आणि नवा नंबर तिला कुणी कळवला नाही. तिला शोधता आला असता. तिच्याइतकं सोपं ते कुणालाच नव्हतं. काही दिवस ती उद्या शोधू म्हणत राहिली.

सातवा टप्पा ती पार करून गेली. त्या माणसाकडे न वळता. पुकारा संपेपर्यंत तिनं यान मात्र जागच्या जागी थांबवून ठेवलं होतं, आणि त्यामुळे तिचे बरेच गुण गेले. होळीच्या सुमाराला पूर्ण गेम संपला. पडद्यावर खूप नावं खालून वर गेली आणि मग काळं आकाश राहिलं. तिनं थोडी वाट पाहिली. काही आलं नाही.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात रुपचंदनं तिच्यासाठी दुसरा गेम आणला. हा समुद्राखालचा होता, आणि त्याला रॅम जास्त लागायची. तिनं स्वतःच कॅबिनेट उघडून ती बसवली. एका रविवारी दुपारी मंजुळाबाई जिना चढून वर आल्या. सात-आठ महिने खाली आवाज ऐकत होत्या, पण कधी आल्या नव्हत्या. कैरीचं पन्हं आणलं होतं.

"मला दाखव गं, एवढं काय असतं यात."

प्रमिलानं त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसून जॉयस्टिक हाती घेतली. हिरवं, गढूळ पाणी. पाणबुडीचा घरघराट. मंजुळाबाई पदरानं वारा घेत बराच वेळ बघत होत्या.

"यात माणसं कुठं आहेत?"

"दिसत नाहीत. आवाज येतात त्यांचे."

"हां," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांनी कान दिल्यासारखं केलं. तेवढ्यात खाली फोन वाजला. पुण्याच्या मुलाचा असेल म्हणून त्या लगबगीनं उठल्या आणि जिना उतरून गेल्या. प्रमिलानं पन्ह्याचा ग्लास संपवला, खुर्ची पुढं ओढली, आणि पाणबुडी आणखी थोडी खाली नेली.